रस जिथं अडायचा

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही" हे वाक्य इथं ग्रुपवर अनुभव टाकणारा प्रत्येक जण सुरुवातीलाच लिहितो, म्हणून मी ते लिहिणार नव्हते. पण माझ्या बाबतीत ते इतकं खरं आहे की लिहिल्याशिवाय पुढं जाता येईना. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी (आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात) उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, तर मी नवी नवरी असून म्हणाले होते, "आत्ती, कुत्र्याला तरी घालायचा की." अमावस्येला नवीन काम घेते. मांजर आडवं गेलं तर मांजराची वाट सोडून पुढं जाते, बस्स. माझा स्वभाव जरा तिरसट आहे हे घरातले सगळे कबूल करतील, पण मी भित्री आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

आता म्हणायला हरकत नाही.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत राहते. खाली दवाखाना, त्याच्यावर दहावीचा क्लास, त्याच्यावर आमचा फ्लॅट. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. घरी बसून फाउंड्र्यांसाठी कास्टिंगचं सिम्युलेशन करून देते. म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. फाउंड्रीत वाळूच्या दोन पेट्या एकावर एक ठेवून साचा तयार करतात, त्याला मोल्ड म्हणतात. वरच्या पेटीत एक उभं नळकांडं असतं, स्प्रू. त्यातनं वितळलेल्या लोखंडाचा रस ओततात. तो खाली, खालच्या पेटीतल्या वाटीसारख्या खड्ड्यात पडतो आणि तिथनं आडव्या वाटेनं साच्यात पसरतो. हे सगळं प्रत्यक्ष ओतायच्या आधी कॉम्प्युटरवर ओतून बघायचं... रस कुठं थांबेल, कुठं पोकळी राहील... हे माझं काम.

माझा नवरा विजय उचगावच्या पुढं हायवेपलीकडं एका छोट्या फाउंड्रीत सुपरवायझर आहे. नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्यांची यात काही चूक नाही. तिथं एक पद्धत आहे. नवीन जॉब आला की त्याचा पहिला मोल्ड सुपरवायझरनं स्वतःच्या हातानं ओतायचा. दुसऱ्या कुणाला लावायचं नाही. मालकाच्या वडिलांनी पाडलेली पद्धत, आणि विजयला तिचा फार अभिमान. नव्या जॉबच्या दिवशी गडी इस्त्रीचा शर्ट घालून जातो, फाउंड्रीत! संध्याकाळी तो शर्ट मी धुवायचा.

तर झालं असं, की माझा जुना लॅपटॉप अगदीच दमला होता, म्हणून नवीन डेस्कटॉप बांधून घेतला. एकेक पार्ट निवडून. बांधून दिला अस्लमभाईंनी. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान आहे. माणूस हुशार, पण बोलायला लागला की थांबत नाही. "ताई, असा जनावर बांधून दिलाय ना, दिवसाचं काम चहा पिऊस्तोवर करील," असं म्हणून ते गेले.

पहिलंच काम लावलं ते विजयच्या फाउंड्रीचं, एका मोठ्या पंपाच्या बॉडीचं. आणि हा जनावर जागचा हलेना.

सुरुवातीला बरा चालायचा. मग टक्क्यांची पट्टी एका ठिकाणी यायची आणि अडायची. पंखे बोंबलायला लागायचे, माउस हलवला तर बाण उड्या मारत जायचा, आणि पट्टी तिथंच. सकाळी लावलेलं काम संध्याकाळी बघावं तर मुंगीच्या पावलानं पुढं सरकलेलं. जुना लॅपटॉपसुद्धा इतका मठ्ठ नव्हता.

अस्लमभाई आले. आधी म्हणाले, तापत असणार. कूलर काढला, प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवीन लावली. कूलरखालचा प्लास्टिकचा कागद काढायचा राहिलाय का तेही बघितलं, नव्हता राहिला. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी बसवल्या होत्या त्या एक सोडून एक बसवल्या. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन रॅमचा स्पीड वाढवला. मॉनिटरची केबल मी ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावली होती, त्याबद्दल मला दोन शब्द ऐकवले. प्रत्येक दुरुस्तीनंतर ते आपलं टेस्टिंगचं सॉफ्टवेअर चालवायचे, त्यात मशीन उत्तम मार्कांनी पास. आणि माझं काम लावलं की पट्टी परत त्याच जागी येऊन अडायची.

पॉवर सप्लाय बदलला. एसएसडी बदलली. शेवटी रॅमही बदलली. अस्लमभाईंचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. मला आधी ते बरं वाटलं, मग नाही वाटलं.

इकडं विजयच्या मागं मालकाचा तगादा. पॅटर्न (वाळूत ठसा उठवायचा नमुना) तयार होऊन पडलाय, सिम्युलेशन कधी देताय? विजय घरी येऊन माझ्यामागं. मी कॉम्प्युटरवर ओरडायची. आत्ती त्या दिवसांत शिरोळहून आमच्याकडं आल्या होत्या. त्या सोफ्यावर बसून मेथी निवडत हे सगळं ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "नव्या वस्तूला नजर लागलीया कुणाची तरी. आणि ह्या कामालाबी."

"आत्ती, प्रोसेसरला नजर लागत नाही."

"तुला काय ठावं? तू बघितलीस काय नजर कधी?"

मी परत पट्टीकडं बघत बसले. 

मग एका दुपारी मला सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. मी एक जुनं, झालेलं काम काढलं आणि नव्या मशीनवर लावलं. खरंच चहा पिऊस्तोवर झालं की हो! म्हणजे मशीन निरोगी होतं. दुखणं त्या पंपाच्या कामातच होतं.

आता हे सॉफ्टवेअर काय करतं, तर आपण काढलेल्या आकृतीचे बारीक बारीक तुकडे करतं, आणि एकेका तुकड्यात रस किती वेगानं जातोय, किती गार होतोय त्याचं गणित करतं. साध्या जागी मोठे तुकडे, किचकट नक्षी असली की बारीक. मी तुकड्यांची संख्या बघितली तर ती भलतीच जास्त होती. पंपाची बॉडी काय एवढी किचकट नसते. म्हणून मोल्ड उभा कापून आत बघितलं. कॉम्प्युटरवर असं बघता येतं, कलिंगड कापल्यासारखं.

स्प्रूच्या खाली, त्या वाटीत, एक गाठ होती.

मी काढलेली नव्हती. लांबट गोल, एका टोकाला बारकं बोंड, आणि वरच्या अंगाला एकमेकीला छेदणाऱ्या दोन चिरा, अधिकच्या चिन्हासारख्या. त्या चिरांच्या आत सॉफ्टवेअरनं इतके बारीक तुकडे पाडले होते की स्क्रीन तिथं काळा दिसत होता. पट्टी अडायची ती जागा मी ताडून बघितली. रस स्प्रूतनं खाली येऊन ह्या गाठीला जिथं शिवायचा, बरोब्बर तिथं.

खाली क्लासमधली पोरं पटांगणात गोंधळ घालत होती. भर दुपार, खिडकीतनं ऊन येत होतं. माझ्या मानेवर काटा आला, आणि मला स्वतःचाच राग आला.

फाइल बिघडली असणार. मी सगळं पुसून मोल्ड पहिल्यापासून नवीन काढला. तुकडे पाडायला लावलं. गाठ होती. तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवर उघडली, तिथं वाटी रिकामी. परत नव्या मशीनवर, आणि गाठ जागेवर. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूला ती कशाची आहे ते सांगावं लागतं, वाळू, लोखंड, असं. गाठीपुढं नाव नव्हतं, पण घनता आपोआप भरली होती. ती पाण्याची होती.

मी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला आणि अस्लमभाईंना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"ताई, ही कसली वं गाठ?"

"तेच तुम्हाला विचारतेय."

"हे काय माझ्या लाईनचं न्हाय." जरा थांबून म्हणाले, "डबा परत घेऊन जाऊ का? तुम्हाला दुसरा बांधून देतो, अगदी पहिल्यापासनं."

अस्लमभाई आपण बांधलेलं मशीन आपणहून परत मागतायत, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी म्हणाले, राहू दे, बघते मी. काय बघणार होते देव जाणे. विजयला दाखवलं, तर तो दमून आलेला. जेवताजेवता फोटोकडं एक नजर टाकली आणि म्हणाला, "बग असंल सॉफ्टवेअरमधला. मालक आता थांबत न्हाय. पुढच्या आठवड्यात तसंच वतायचं ठरलंय."

तर तो दिवस उजाडला. विजय इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी गेला. आत्ती त्याला सोडायला जिन्यातनं खाली गेल्या, नेहमी जातात. मी आदल्या दिवसापासून काम लावून ठेवलं होतं. आता त्याचा उपयोग नव्हता, पण मला हट्टच पडला होता की ही पट्टी पुढं गेलेली मी बघणारच.

भाजी फोडणीला टाकून आले तर पट्टी सरकत होती.

मी खुर्चीत बसले. स्क्रीनवर रस तांबड्या रंगात स्प्रूतनं खाली आला, वाटीत पडला, गाठीवरनं पसरला, गाठ पूर्ण झाकली. क्षणभर सगळं ठीक. मग झाकलेली गाठ पांढरी झाली. आणि तांबडा रंग उलटा फिरला... आला त्याच वाटेनं वर, स्प्रूतनं वर, मोल्डच्या बाहेर. आता बघा, मोल्डच्या बाहेर सॉफ्टवेअरला काही माहीतच नसतं. तिथं मी काही दिलेलं नसतं, तिथं ते रंग काढूच शकत नाही. तरी तांबडे ठिपके वर उडाले, एका बाजूला झुकले आणि तिथंच थांबले. माणसाच्या तोंडाच्या उंचीला. पहिला मोल्ड ओतणारा कुठल्या बाजूला उभा राहतो ते मला माहीत आहे, विजयनं मला हौसेनं दाखवलंय.

 मी उठून पंखा बंद केला, कशाला ते माहीत नाही.

आत्ती चहा घेऊन आल्या. कप ठेवताना त्यांनी स्क्रीनकडं बघितलं. मी गाठीचं चित्र शेजारी उघडं ठेवलं होतं.

"ह्यो चिरलेला लिंबू कशाला काढलाईस?"

मी बघतच राहिले. इतके दिवस ते माझ्या डोळ्यापुढं होतं. बोंड, फुगलेलं पोट, वर चिरून कुंकू भरायची खाच. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकले, पण मला लिंबू ओळखू आलं नाही.

"सकाळी विजूजवळ दिलाय की एक असाच," आत्ती म्हणाल्या. "ववाळून, कुकू भरून. एवढं अडलंय काम तुमचं... म्हटलं, नव्या कामाला लिंबू पेटीखाली ठेवताय दरवेळी, ते वाळूत कुठं पोचतंय. ह्या बारीला आत ठेव. माझी शपथ घातली."

"आत म्हणजे कुठं, आत्ती?"

"आत म्हंजी आत. रस पडतोय तिथं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वितळलेलं लोखंड पाण्यावर ओतलं आणि पाणी खाली कोंडलं गेलं, तर त्याची क्षणात वाफ होते आणि ती सगळा रस घेऊन वर येते. लिंबात पाणीच असतं, दुसरं काय. ज्याच्या हातात लॅडल, म्हणजे रसाची बादली, त्याच्या अंगावर येतं ते.

विजयचा फोन बंद. ओतायच्या वेळी ते फोन कपाटात ठेवतात. ऑफिसचा फोन कुणी उचलेना. मी गॅस बंद करायला आत्तींना ओरडून सांगितलं आणि तशीच, घरातल्या गाऊनवर ओढणी टाकून स्कूटर काढली.

टाकाळ्यापर्यंत कशी गेले आठवत नाही. टेंबलाईच्या पुलावर उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, गाणी लावून डुलत चाललेला. हॉर्न वाजवून वाजवून माझा अंगठा दुखायला लागला. टेकडीवरच्या टेंबलाईच्या देवळाकडं बघून मी मनातनं हात जोडले. आयुष्यात कधी नवस केला नव्हता, काय बोलायचं असतं तेही माहीत नव्हतं. फक्त "बाई, त्याचं तोंड वाचव" एवढंच तोंडातनं आलं. तोंड का म्हणाले, तर मला ते ठिपके दिसत होते.

फाउंड्रीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. "ताई, कुणाकडं?" मी थांबलेच नाही.

आत शेडमध्ये भट्टी ओतून झाली होती. लॅडल साखळीला लटकून मोल्डकडं निघाली होती. तिला कलवायचं चाक विजयच्या हातात, आणि पलीकडनं तिला सावरत शिवाप्पा. शिवाप्पा भट्टीवरचा जुना माणूस, निपाणीकडचा, विजयच्या वडिलांच्या वयाचा. मी जीव खाऊन ओरडले. भट्टीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी लॅडलच्या वाटेत जाऊन उभी राहिले.

"येडी झालीस काय गं?" विजय एवढ्या माणसांत माझ्यावर पहिल्यांदाच खेकसला. "सर बाजूला. रस गार व्हाय लागलाय."

"पेटी उघड."

"काय?"

"वरची पेटी उचल. स्प्रूखाली काय ठेवलंयस?"

त्याचा चेहरा बदलला. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पेटी बंद करायच्या आधी, सगळ्यांची पाठ असताना गुपचूप ठेवलं होतं. मी मोबाइल त्याच्यापुढं धरला. फोटो त्यानं आधी बघितला होता, जेवताना. आता मात्र तो बघतच राहिला. मग शिवाप्पाला म्हणाला, "रस परत भट्टीत घ्या."

"आगा पण का?"

"घ्या म्हणतोय की."

पेटी उचलली. वाळूतल्या वाटीत लिंबू होतं. जरा कलतं बसलेलं, बोंड पंपाकडच्या वाटेला, चिरा वर, कुंकवानं लाल झालेल्या. मी फोटो शेजारी धरला. विजय एकदा खाली बघे, एकदा फोटोत. तेच कलणं, तेच बोंड. एक चीर दुसरीपेक्षा आखूड होती. फोटोतही एक आखूड होती.

शिवाप्पानं वाकून बघितलं आणि विजयला कानडीत आणि मराठीत मिळून जे काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्यानं पेटीच्या पलीकडं बोट दाखवलं. "त्या कडंला मी हुतो की रं लेकरा," म्हणाला.

"एकच लिंबू हुतं मामा," विजय हळू आवाजात म्हणाला. "वाटलं, एवढ्या रसात राख हुईल त्याची. आईनं शपथ घातलीती."

तेवढं बोलून तो वाळूच्या ढिगावर बसला.  मी त्याच्या शेजारी बसून रडले, सगळ्या कामगारांसमोर, त्या गाऊनवर.

दुपारनंतर तोच मोल्ड नीट करून ओतला. लिंबू नव्हतं. कास्टिंग चांगलं आलं. मी तिथनं हलले नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. घरी आल्यावर मी तेच काम नव्या मशीनवर लावलं, काहीही न बदलता. चहा पिऊस्तोवर झालं. वाटी रिकामी होती. साठवून ठेवलेल्या जुन्या फाइलीही एकेक करून उघडल्या. तुकडे मोजकेच, वाटी रिकामी. ते उलटे उडालेले ठिपके कुठंच नव्हते. मला वेड लागलंय असंच म्हटलं असतं मी. पण फोटो आहे. अस्लमभाईंच्या फोनवरही होता. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी तो काढून टाकला. आधी म्हणत होते बायोसमध्ये बदल केल्यामुळं मशीन सुधारलं. आता त्या मशीनचा विषय काढला की दुकानात दुसरं गिऱ्हाईक आल्यासारखं करतात.

फोटो काढला तो दिवस आणि लिंबू ठेवलं तो दिवस, यात आठवड्याच्या वर अंतर आहे. मी आत्तींना विचारलं, लिंबू कधी आणलं होतं? तर म्हणाल्या, आदल्या संध्याकाळी, मंडईतनं. म्हणजे मी फोटो काढला तेव्हा ते लिंबू बहुतेक झाडावर होतं. त्याला चीर कुणी दिली नव्हती, आणि ते आत ठेवायचा विचारही कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

आणि मग आत्ती जे बोलल्या त्यानं माझी झोप गेली. भाकरी थापता थापता, अगदी साधेपणानं म्हणाल्या, "तुझा कॉम्प्युटर नीट चालला असता तर मी कशाला आणतेय लिंबू?"

खरं आहे ते. काम अडलं म्हणून त्यांना नजर सुचली, नजर सुचली म्हणून लिंबू आलं. आणि काम अडलं होतं त्याच लिंबानं. मी याचं टोक शोधायला बसते आणि गरगरायला होतं. त्या मशीननं माझ्या नवऱ्याला वाचवलं, की मशीननंच ते लिंबू तिथवर आणून ठेवलं? विजय म्हणतो वाचवलं. आत्ती म्हणतात देवानं वाचवलं. मी काहीच म्हणत नाही. त्याच खोलीत बसून रोज काम करते आणि पाठ दाराकडं करायला भिते, मी, जी मांजराला घाबरत नव्हते.

मशीन विकलं नाही. विकवत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरात ते असलं तर तिथं काय अडेल, आणि ते बघायला कोण असेल?

तेव्हापासून नवीन जॉब असला की विजय आदल्या दिवशी विचारतो, "बघितलंस?" मी काम लावते. रस स्प्रूतनं खाली जाऊन वाटीतनं पुढं सरकेपर्यंत मी खुर्चीतनं उठत नाही. आजवर दरवेळी सरकला.

मागच्या जॉबला अडला. फार नाही, थोडाच वेळ, मग गेला पुढं. मी मोल्ड कापून बघितला, उभा, आडवा, तिरका. कुठंही काही नव्हतं. तरी मी विजयला म्हणाले, उद्या जाऊ नको. आजारी आहे म्हणून सांग.

त्यानं उद्याचा शर्ट इस्त्रीला काढला. मग म्हणाला, "मी न्हाय गेलो तर शिवाप्पा वतणार. त्याच्या घरात कोण बघतंय कॉम्प्युटर?"

आणि सकाळी शर्ट घालून गेला. मी दिवसभर काही खाल्लं नाही. संध्याकाळी आला तो धडधाकट, मोल्ड चांगला आला म्हणाला, जेवला, झोपला. का अडला होता ते मला अजून कळलेलं नाही.

तुमच्यात कुणी या लाईनमधलं असेल, किंवा कुठल्याही लाईनमधलं, तर मला उत्तर द्या. मशीन कसं दुरुस्त करायचं ते नकोय. ते उत्तम चाललंय. मला एवढंच सांगा, की ते अडलं तर दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला दारातनं बाहेर जाऊ द्यायचं की नाही.